खरी शेवटची

दिवा जरा मोठा करा, मग सांगते.

काम साधं होतं. आमच्या रुग्णालयाच्या तळघरात एक स्विच आहे. सगळ्या वॉर्डांचे फोन आणि संगणक त्या एका पेटीला जोडलेले. तिच्यात जुन्या सेटिंगच्या फाइली साचून जागा भरली होती. सगळ्यात नवी एक ठेवायची, बाकीच्या पुसायच्या. माझ्याआधी हे काम माझा दादा करायचा. फाइलमध्ये प्रत्येक जोडणीसमोर तिथल्या माणसाचं नाव लिहायची त्याची पद्धत होती. वरच्या टोकाच्या खोलीत तो आजारी होता, तेव्हा तिच्यासमोर त्याने स्वतःचं नाव लिहिलं. तिथेच तो गेला. पुढे खोली बंद झाली आणि तिची लाइन नव्या अतिदक्षता विभागाला दिली.

फाइलींना नावं देण्यात दादाचा हात धरणारं कुणी नव्हतं. ‘शेवटची’, ‘शेवटची नवी’, ‘खरी शेवटची’. मला हसू आलं, डोळेही भरले. ‘खरी शेवटची’ ठेवली, बाकीच्या पुसल्या आणि स्विच पुन्हा सुरू केला. भर दुपार होती. पेटीतल्या पंख्यांची घरघर थांबली, मग हळूहळू परत आली. कुठूनसा औषधांचा वास येऊ लागला.

भिंतीवरचा फोन वाजला. नंबर टोकाच्या खोलीचा होता.

“चिमे... सेव्ह केलंस का?”

मला चिमी म्हणणारा जगात एकच माणूस होता. आणि हे त्याचं पालुपद. सेव्ह केलं नाही, तर वीज जाताच केलेलं सगळं जातं. जेवायच्या ताटावरही तो हेच विचारायचा.

“दादा... तू...”

“इथं फार गार आहे गं. बोलत राहा.”

इतक्यात माझा मोबाइल वाजला. अतिदक्षता विभागाच्या सिस्टर होत्या. “इकडे सगळे मॉनिटर बंद पडलेत. लवकर बघ.”

तेव्हा लक्षात आलं. ‘खरी शेवटची’ दादाच्या आजारपणातली होती. तिच्यात हा विभागच नव्हता. विभाग जोडताना केलेली नवी फाइल मी पुसून बसले होते. आता सगळं हाताने भरायचं, आणि लाइन दादाकडून काढून घ्यायची.

“दादा, थोडं थांब हं...”

“थांबलोय की. चिमे, एक सांगायचं होतं, मी...”

बोलता बोलता ओळी भरून झाल्या होत्या; मी बटण दाबलं. फोन मुका झाला. वर मॉनिटर सुरू झाले, सगळी माणसं वाचली. मी मात्र रिसीव्हर कानाशी धरून रडत बसले. त्याचं एक वाक्य पुरं ऐकायला हवं होतं. ऐकता आलं नसतं हे कळतं, पण जीव मानत नाही.

त्या रडण्यात सेव्ह करायचं राहिलं. संध्याकाळी वीज जाऊन आली, तशी मी धावत खाली गेले. सगळं व्यवस्थित चालू होतं. यादीत एक फाइल जास्त होती, मी न केलेली. नाव होतं ‘आता खरंच शेवटची’.

उघडली. अतिदक्षता विभागाची एकेक ओळ नीट भरलेली होती. सर्वांत खाली टोकाची खोली होती. तिला आता लाइनच नाही. तरी तिच्यासमोर नाव लिहिलेलं होतं, आणि ते माझं होतं.