नात्याचा रकाना

“आधी समोरच्याचं नाव सांगा. बाकी काहीही सांगू नका, फक्त नाव,” वकीलबाई म्हणाल्या आणि पेनाचं टोपण काढून त्यांनी कोरा कागद पुढे ओढला.

समोरच्याचं! नऊ वर्षं ज्याच्या सदऱ्यांना बटणं लावली, नुसत्या खोकल्यावरून जो जिन्याच्या कितव्या पायरीवर आलाय हे तिला कळायचं, तो माणूस आज एका शब्दासरशी ‘समोरचा’ होऊन बसला होता... सकाळपासून शिवणयंत्रावर बसून तिनं सगळं मनात घोकलं होतं, सुरुवात कुठून करायची, काय सांगायचं, कुठं रडायचं नाही. आणि ही बाई नुसतं नाव मागत होती! तिनं नाव सांगितलं.

वकीलबाईंचं पेन कागदाला टेकलं आणि तिथंच थांबलं. मग त्यांनी टोपण परत लावलं.

“तुमचं काम मला घेता येणार नाही.”

“का? मी तर अजून तोंडही उघडलं नाही!”

“म्हणूनच तर आधी नाव विचारते. तुमचे यजमान आमचे पक्षकार आहेत. एकाच घरातल्या दोन बाजू मला चालत नाहीत. त्यांनी काय सांगितलं ते तुम्हाला सांगता येत नाही, आणि तुम्ही काय सांगायला आलात ते मला ऐकता येत नाही.”

म्हणजे तो आधीच येऊन गेला होता! आपण जे करायला रात्रंदिवस कचरत होतो, ते यानं गुपचूप उरकलंसुद्धा! कोपऱ्यात म्हातारा कारकून मान खाली घालून काही लिहीत होता, आणि त्याच्याजवळच्या गठ्ठ्यात अगदी वर एक निळी फाइल होती. फाइलीच्या नाडीला दोन वेढे आणि एक उलटा फास होता. ती गाठ तिनं लगेच ओळखली. पुस्तकबांधणीच्या कारखान्यात सगळं आयुष्य घालवलेल्या तिच्या नवऱ्याशिवाय अशी गाठ कोण मारणार?

ती उठली. दारापर्यंत गेली असेल नसेल, तोच मागून आवाज आला.

“एक गोष्ट मात्र वकील म्हणून नाही, बाईमाणूस म्हणून सांगते. घाईघाईनं मुलीला घेऊन कुठं जाऊ नका. घरी जा, त्यांच्याशी बोला.”

बोला म्हणे! तीन महिने त्या घरात बोलणं होतं कुठं?

तीन महिन्यांपूर्वी चिमणीच्या पोटात दुखायला लागलं, आणि तासाभरात डॉक्टरांनी आताच्या आता ऑपरेशन करायला हवं म्हणून सांगितलं. चिमणी अकरा वर्षांची. पोर दोन वर्षांची होती तेव्हा ही लग्न होऊन या घरात आली. त्याआधी वर्षभरच चिमणीची जन्मदाती तापानं गेली होती. आल्या दिवसापासून पोरीनं हिचा पदर धरला तो आजतागायत सोडला नव्हता. हॉस्पिटलात नर्सनं फॉर्म पुढे केला, विचारलं, “मुलीशी नातं?” ती म्हणाली, “आई.” तिनं पेन हातात घेतलंही होतं, इतक्यात खांद्यावरून नणंद म्हणाली, “सख्खी नव्हे हं ही! सावत्र आहे. वडील उभे आहेत ना, त्यांची सही घ्या.”

तिनं नवऱ्याकडे पाहिलं. एक शब्द... देवा, एकच शब्द बोलला असता तो! त्यानं तिच्या हातातून पेन घेतलं, खाली मान घालून सही केली, आणि चिमणीचे छोटे बूट छातीशी धरून ती तिथंच भिंतीला टेकून उभी राहिली. नऊ वर्षांच्या मायेचं त्या फॉर्मवर काहीच उरलं नव्हतं.

पोर बरी होऊन घरी आली, पण आईच्या मनातली जखम काही भरली नाही. “बाबांना सांग, पान वाढलंय,” “आईला विचार, किल्ली कुठाय,” असा सगळा संसार चिमणीच्या तोंडून चालला होता. अखेर काल रात्रभर तळमळून तिनं ठरवलं होतं, की वकिलाला एवढंच विचारायचं : मी घटस्फोट घेऊन हे घर सोडलं, तर माझी पोर माझ्याबरोबर येईल ना? आणि आज वकीलबाईंनी न बोलताच उत्तर दिलं होतं. मुलीला घेऊन जाऊ नका! म्हणजे कागदोपत्री मी तिची कुणीच नाही. म्हणजे हा मला काढून टाकणार, आणि पोर ठेवून घेणार!

तिचं डोकं ठिकाणावर नव्हतं. घरी जाऊन तिनं हाताला लागतील ते चार कपडे पिशवीत कोंबले, चिमणीचा स्वेटर घ्यायला विसरली, अर्ध्या वाटेतून परत फिरली, आणि शाळा सुटायच्या आधी पाऊण तास फाटकाशी जाऊन उभी राहिली. रस्त्यावरचा प्रत्येक माणूस आपल्याकडेच बघतोय असं तिला वाटत होतं. कोपऱ्यावर एक शिपाई नुसता जांभई देत उभा होता, पण त्याला पाहूनही ती फाटकाच्या आड सरकली.

“आई, आपण कुठं चाललोय?” बसथांब्यावर चिमणीनं तिसऱ्यांदा विचारलं.

“मावशीकडे.”

“आणि बाबा?”

“बाबांना काम आहे.”

“पण सोमवारी परत यायचंय हं! सोमवारी मला वकीलबाईंकडे...” चिमणीनं झटकन तोंडावर हात ठेवला. या पोरीच्या तोंडात तीळ भिजत नसे. इतके दिवस तिनं हे पोटात कसं ठेवलं होतं तिचं तिलाच ठाऊक.

“तू गेली होतीस तिथं? काय विचारलं तुला?”

“कुणाजवळ राहायला आवडेल, असं.”

“मग? काय म्हणालीस तू?”

“म्हटलं, आईजवळ.” चिमणी जराशी ओशाळली. “बाबांना वाईट वाटलं असेल का गं? ते बाहेर येऊन रडत होते. मी म्हटलं, चुकलं का माझं? तर म्हणाले, नाही, अगदी बरोबर बोललीस तू.”

बस आली. दार उघडलं, माणसं चढली, वाहक ओरडला, “चला बाई, येताय ना?” आणि तिचा पाय पायरीवरून मागे आला. लेकरानं ‘आईजवळ’ म्हटलं, आणि तो म्हणाला बरोबर? हे कसलं गौडबंगाल! तिनं चिमणीचा हात घट्ट पकडला आणि ती तडक कारखान्याकडे निघाली.

तो दाबयंत्राचा दांडा फिरवत होता. आधी त्याला चिमणी दिसली, मग ती, मग तिच्या हातातली फुगलेली पिशवी. त्याचा हात दांड्यावरच राहिला.

“चाललात?” त्यानं विचारलं. तीन महिन्यांत तिच्याशी सरळ बोललेला हा पहिला शब्द.

“होय, चाललेय! आणि जाऊ देणार नसाल तर तसं तोंडावर सांगा! लेकराला वकिलापुढे उभं केलंत, मला पत्ता लागू दिला नाहीत... काय पाप केलं होतं मी, म्हणून हिला माझ्यापासून तोडताय?”

टेबलाचा खण उघडून त्यानं एक कागद काढला आणि तिच्यापुढे धरला. तिनं तोंड फिरवलं, तेव्हा चिमणीनंच तो ओढून घेतला आणि अडखळत मोठ्यानं वाचायला सुरुवात केली.

“‘अर्जदार हिला माझ्या मुलीची का-य-दे-शीर आई म्हणून नोंदवण्यास मी, मुलीचा पिता, राजीखुशीनं संमती देतो. पुढे आम्हा पतिपत्नीत फारकत झाली, तरीही मुलगी आपल्या आईकडेच राहील, आणि त्यास माझी हरकत असणार नाही.’ बाबा, फारकत म्हणजे काय?”

आईनं तो कागद तिच्या हातातून घेतला. कागदाच्या तळाशी त्याची सही होती. शेजारी ‘अर्जदार’ लिहिलेली जागा मात्र कोरी होती.

“हॉस्पिटलातून आलो, त्याच आठवड्यात गेलो होतो,” तो खालच्या आवाजात म्हणाला. “वकीलबाई म्हणाल्या, अहो, अर्ज तुमच्या बायकोनं करायचा असतो, तिला घेऊन या. दर खेपेला म्हणतात. पण तू तर माझ्याकडे बघतसुद्धा नव्हतीस... कोणत्या तोंडानं विचारणार होतो? वाटलं, सगळं तयार करून ठेवावं. बांधणीचा सरस वाळल्याशिवाय पुस्तक दाखवायचं नाही, ही माझी जन्माची खोड.”

“आणि त्या दिवशी? त्या दिवशी का गप्प बसलात?” तिचा बांध फुटला. “एक शब्द बोलायचा होता हो... एकच!”

“घाबरलो होतो गं. पोर आत कळवळत होती, ताई बोलून गेली, मला वाटलं वाद नको, उशीर होईल, सही कुणाची का असेना! मग तुझ्या हातातले ते बूट दिसले... आणि मी काय घालवून बसलो ते कळलं. भेकड निघालो मी.”

“पण हे... फारकत झाली तरी माझ्याकडे? तिच्याशिवाय राहिला असतात तुम्ही?”

“मला जमलं नसतं,” तो म्हणाला, आणि त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. “पण तिला तुझ्याशिवाय ठेवायचं पाप माझ्या हातून होणार नव्हतं. तू जाणार, हे दिसत होतं मला. निदान रिकाम्या हातांनी जाऊ नयेस.”

ती कागदांच्या गठ्ठ्यावर बसली. ज्याच्यापासून लेकरू लपवायला ती निघाली होती, तो तर ते तिच्याच ओटीत टाकून मोकळा झाला होता! डोळे पुसून ती म्हणाली, “मी आज त्याच वकीलबाईंकडे गेले होते. घटस्फोट मागायला.”

त्यानं झटकन वर पाहिलं. “मग?”

“घेतलं नाही त्यांनी माझं काम. नवऱ्यानं आधी नंबर लावलाय म्हणे!” आणि रडता रडताच तिला हसू फुटलं. राग सगळा गेला नव्हता. तो असा एका दुपारीत जातही नाही. पण घरी जाताना पिशवी त्याच्या खांद्यावर होती.

दुसऱ्या दिवशी तिघं वकीलबाईंसमोर बसले, तेव्हा एक खुर्ची बाहेरून आणावी लागली.

“बाई, काल तुम्ही मला नाही म्हणालात,” ती चाचरत म्हणाली.

“काल तुम्ही समोरची बाजू होतात. आज दोघांचं म्हणणं एकच आहे ना? मग एका वकिलात भागतं.” त्यांनी निळी फाइल कारकुनाकडे सरकवली. “भरून घ्या.”

म्हाताऱ्यानं चष्मा पुसला, गाठ सोडायला त्याला बराच वेळ लागला, आणि मग बोटानं ओळी चाचपत त्यानं विचारलं, “हं. अर्जदार बाईंचं मुलीशी नातं?”

तिनं तोंड उघडलं, पण आवाजच उमटेना. तोच प्रश्न, तसाच रकाना, तसंच कुणाच्या तरी हातातलं पेन... तिनं डोळे मिटून घेतले.

“आई,” शेजारून नवरा म्हणाला. कारकुनाला ऐकू गेलं नसावं, किंवा नवऱ्यालाच तसं वाटलं असावं, कारण तो खुर्चीवरून उठला आणि बाहेर बाकावर बसलेली माणसंसुद्धा वळून बघतील एवढ्या मोठ्यानं पुन्हा म्हणाला, “आई आहे ती तिची! लिहा, आई!”