भिंतीपलीकडची जानकी

सुगंधा पहिल्या पाळीवरून सुटली, वाटेत बांगडे घेतले आणि चारच्या सुमाराला भांडुपच्या चाळीत परतली. औषधांच्या कारखान्यात लागून तिला सहा महिने झाले होते. नवरा गुणाजी गिरण्यांचा संप झाल्यापासून घरीच. आधी तो अबोल झाला, मग दारू लागली, मग कारखान्यातल्या मुकादमावरून संशय. बायको कमावते हे त्याला सोसेना आणि हात उठायला लागला. सासूनं गावाहून कळवलं होतं, 'पुरुषाचा राग बाईनं गिळूचो.'

"उशीर कित्याक झालो गो?"

"मासळी घेतलंय."

"मुकादमाबरोबर?"

त्यानं कडी लावली. पहिली थोबाडीत बसली, तोच शेजारच्या भिंतीतून आवाज आला. ठक्.

भिंतीपलीकडची ती खोली, हे दोघं चाळीत यायच्या आधीपासून, दोन वर्षं कुलूपबंद होती.

दुसरी थोबाडीत. ठक्.

"उंदीर..." गुणाजी पुटपुटला. त्यानं कमरेचा पट्टा काढला. आता हात उठायच्या आधीच आवाज आला. ठक्... ठक्... ठक्. पाठोपाठ रॉकेलचा भपकारा. यांचा स्टो तर सकाळपासून थंड होता.

गुणाजी भिंतीकडे बघत राहिला. सुगंधानं कडी काढली आणि समोरच्या शांताबाईंचं दार गाठलं. त्यांनी तिला आत ओढलं.

"पलीकडे कोण आहे, शांताबाई?"

शांताबाईंनी दार लोटून घेतलं. मग हळूच म्हणाल्या, "जानकी राहायची. नवरा मारायचा. कुणी यावं म्हणून ती भिंत ठोकायची... आणि आम्ही रेडिओ मोठा करायचो. नवराबायकोत कशाला पडायचं? एक दिवस स्टोचा भडका उडाला, असं तिचा नवरा म्हणाला. आम्ही तेही ऐकून घेतलं." त्यांनी सुगंधाचा हात घट्ट धरला. "तू आता तिथं जायचं नाहीस. चौकीवर मी येते. बोलते मी."

ठोकणं चालूच होतं. शांताबाईंचे यजमान धोंडिराम हातोडा घेऊन गेले आणि त्यांनी कुलूप तोडलं. त्याबरोबर आवाज थांबला.

खोली रिकामी. बोटभर धूळ. धुळीत बाईच्या अनवाणी पावलांचे ठसे, थेट भिंतीपर्यंत गेलेले. परतीचं एकही पाऊल नव्हतं.

आणि भिंतीपलीकडे, एकटा असलेला गुणाजी अगदी हलक्या आवाजात कुणाला तरी विचारत होता, "कोण गो तू?..."