ठोंब्याची पाटी

ही गोष्ट पुढची आहे, अजून घडायची आहे. पण सडावळ्याच्या शाळेचं कोडं आजही घालता येईल.

तेव्हा साऱ्या जगातले यंत्रमानव वर्षागणिक हुशार होत चालले होते. आणि या पवनचक्क्यांच्या पठारावरच्या चिमुकल्या शाळेत पहिलीतल्या प्रत्येक मुलाला जो यंत्रमानव मिळायचा, तो मात्र ठार अडाणी. त्याला साधी बेरीज येत नसे. चार वर्षं मुलानं त्याला शिकवायचं आणि चौथीच्या शेवटच्या दिवशी बटण दाबून त्याची स्मृती (साठवलेल्या सगळ्या आठवणी) आपल्याच हातानं पुसायची. मग तो कोराच्या कोरा नव्या मुलाकडे. त्या दिवसाला सगळे ‘पाटी पुसायचा दिवस’ म्हणायचे. आता सांगा, शिकवलेलं पुसून टाकणारी शाळा कुठं ऐकलीय का?

चौथीतल्या कस्तुरी घोलपचा तो दिवस आज उजाडला होता. तिचा यंत्रमानव तिच्या कमरेएवढा होता. पहिल्या दिवशी तिनं काहीही सांगितलं की तो एकच विचारायचा, “का?” म्हणून तिनं त्याचं नाव ठेवलं ठोंब्या. आता तोच ठोंब्या धडाधड वाचायचा आणि तिच्या विनोदांवर तिच्या आधी हसायचा. त्याला पुसायचं म्हणजे काय चेष्टा आहे?

ती तडक मुख्याध्यापिका शेवाळेबाईंकडे गेली. बाई पूर्वी मेंदूवर संशोधन करायच्या आणि शाळेतले सगळे यंत्रमानव त्यांनीच बनवले होते.

“बाई, मी नाही ठोंब्याला पुसणार.”

“बरं,” बाई म्हणाल्या.

कस्तुरी भांडायच्या तयारीनं आली होती, ती गडबडली. “त्याला हातच्याची वजाबाकीसुद्धा येते. गौतमीला असाच देऊ या. तिला सगळं आयतं मिळेल, माझ्यासारखं डोकं फोडत बसावं लागणार नाही.”

“म्हणणं तर बिनतोड आहे. करून बघू या.”

गौतमी म्हणजे जूनमध्ये पहिलीत येणारी मुलगी, ठोंब्या तिलाच मिळणार होता. ती मूठभर चिंचोके घेऊन ओट्यावर बसली होती. ठोंब्या तिच्यासमोर बसला आणि लगेच म्हणाला, “तुझ्याकडे अकरा चिंचोके आहेत. चार दिलेस तर सात उरतील.”

“आणि पाच दिले तर?”

“सहा.”

गौतमीनं चिंचोके मोजलेसुद्धा नाहीत. आणखी दोनदा विचारून तिनं ते खिशात टाकले आणि जांभई दिली. “याला सगळंच येतं,” ती म्हणाली आणि मांजरामागे निघून गेली.

कस्तुरीचं तोंड एवढंसं झालं.

“तुला हातच्याची वजाबाकी कधी समजली गं?” बाईंनी विचारलं.

“दुसरीत. तुम्ही शिकवलीत तेव्हा.”

“तेव्हा उत्तर बरोबर यायला लागलं. समजली कधी?”

कस्तुरी आठवू लागली. बावन्नातून सत्तावीस वजा करताना ती ऐटीत म्हणाली होती, पाचाचे चार करायचे. ठोंब्यानं विचारलं, का? आणि तिला सांगताच येईना. तीन दिवस ती काड्या घेऊन बसली होती. दहा-दहांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या. दोनातून सात कुठल्या काढायच्या? शेवटी तिनं एका गठ्ठ्याचं रबर सोडलं. गठ्ठे राहिले चार, सुट्या झाल्या बारा. बारातून सात गेल्या, पाच उरल्या. चार गठ्ठ्यांतून दोन गेले, दोन उरले. पंचवीस. पाचाचे चार का होतात ते तिनं तेव्हा डोळ्यांनी पाहिलं होतं.

“ठोंब्याला सांगताना समजली,” ती हळूच म्हणाली.

बाईंनी मैदानाकडे बोट दाखवलं. “नळाकडे जाणारी ती पायवाट कुणी बांधली?”

“कुणी नाही. आम्ही रोज जातो ना, गवत दबून तयार झाली.”

“तुझ्या डोक्यात मज्जापेशी (निरोप पोचवणाऱ्या बारीक पेशी) आहेत. त्यांच्यामध्येही अशाच वाटा असतात. नुसतं ऐकलं की वाट पुसट पडते. आठवून, जुळवून दुसऱ्याला समजावलं की ती ठळक होते. वाट कुठं तुटलीय तेही तेव्हाच कळतं. ठोंब्यात मी एकच शब्द भरला होता, ‘का’. बाकी त्या वाटांवरून चाललीस ती तू. तो कोरा झाला तरी तुझ्या वाटा जागेवरच राहतील.”

“पण बाई, तो मला विसरेल.”

“हो, विसरेल,” बाई म्हणाल्या आणि त्यांनी तिला जवळ घेतलं. “मलाही दरवर्षी वाईट वाटतं.”

कस्तुरी ओट्यावर ठोंब्याशेजारी जाऊन बसली. मग म्हणाली, “ठोंब्या, मी तुला पुसू?”

“का?” ठोंब्यानं विचारलं.

मग तिनं त्याला सगळं समजावलं. चिंचोके सांगितले, पायवाट सांगितली. “तू हुशार राहिलास, तर गौतमीची वाट तयारच होणार नाही. म्हणून,” ती म्हणाली.

“समजलं,” ठोंब्या म्हणाला. “तू छान समजावतेस.”

कस्तुरीनं त्याच्या पाठीवरचं बटण दाबलं. त्याचे डोळे विझले आणि पुन्हा उजळले. त्यानं तिच्याकडे पाहिलं, जसं भिंतीकडे पाहावं तसं.

गौतमी मांजर सोडून परत आली. “याचं नाव काय गं ताई?”

“तूच ठेव.”

“गोट्या,” गौतमीनं ठरवून टाकलं आणि चिंचोके मांडले. “हे बघ गोट्या, सात, आठ, दहा, अकरा, बारा. बारा आहेत.”

कस्तुरीच्या ओठांवर ‘नऊ’ आलंच होतं. तिनं ओठ घट्ट मिटले.

“का?” गोट्यानं विचारलं.

गौतमीच्या कपाळावर आठी पडली. “थांब हं,” ती म्हणाली आणि एकेक चिंचोका बोटानं सरकवत पहिल्यापासून मोजायला लागली.

कस्तुरी दप्तर घेऊन निघाली. फाटकावर शाळेची पाटी होती. चार वर्षं ती रोज वाचलेली, आज पहिल्यांदा कळलेली: ‘इथून जाताना प्रत्येकानं कुणाला तरी काहीतरी शिकवलेलं असावं.’

बाहेर पठारावर पवनचक्क्या फिरत होत्या. प्रत्येकीला तीनच पाती. चार नाहीत, दोन नाहीत.

का?

ती थबकली. तिनं मागे वळून पाहिलं, पण ठोंब्या दूर ओट्यावर होता, गौतमीपाशी. प्रश्न तिचा तिलाच पडला होता. तिनं डोळे पुसले आणि जवळच्या पवनचक्कीकडे चालू लागली, पाती नीट बघायला.