सातव्या खणातला श्वास

ही घे तुझी फाइल. चार नंबर. दुपारी आपल्या वृंदाचे संचालक गॉर्डन यांचा फोन आला. "मिनियापोलिसहून नवी मुलगी आली आहे, बर्निसकडे उतरली आहे. शाळेतून घरी जाताना तेवढी तिला स्वरलिपी देऊन जा," म्हणाले. म्हणून आले. कोरी प्रत आहे, चर्चच्या कपाटातून मीच काढली.

बर्निस बाहेर गेली आहे ना? बरं झालं. दरवाजा ओढून घे आणि तो दिवा जरा अलीकडे सरकव. फेब्रुवारी संपत आला तरी आमच्या डलूथमध्ये सहालाच अंधारतं.

उद्यापासून तू माझ्या डाव्या हाताला उभी राहणार, म्हणून तुला काही सांगायचं आहे. ऐकल्यावर तुला वाटेल, सोलोसाठी ही मला पळवून लावते आहे. बर्निसही तेच म्हणेल. म्हणू दे.

मी जर्मनीत लाइपझिगला नऊ वर्षं गाणं शिकले. परत आले तेव्हा डोक्यात एकच होतं. तिकडे जे ऐकलं, ते माझ्या गावात उभं करायचं. सोळा माणसं, सोळा गळे, पण आवाज एक. त्यात 'मी' नावाची वस्तूच उरता कामा नये. पहिल्या तालमीला मी हे सगळं उभी राहून बोलले. बर्निस खालच्या पट्टीत गाते, तीस वर्षं. ती कॉफी ढवळत म्हणाली, "आमचा 'मी' कधीच गेला गं पोरी. खालच्या पट्टीवाल्या म्हणजे घराचा पाया. कुणी फोटो काढत नाही."

सगळे हसले. आल्मासुद्धा हसली.

आल्मा ओस्टबी. तुझ्याआधी चार नंबरची फाइल तिची होती. ती शाळेची बस चालवायची. पहाटे सव्वापाचला थंड इंजिन तापवताना इंजिनाच्या घरघरीत आवाज लावायची, तेवढाच तिचा रियाज. कुठे शिकली नव्हती. तीनशे वेळा घासूनही माझा जो सूर काचेसारखा कडक निघायचा, तो ती जांभई द्यावी तसा सहज सोडायची, आणि चर्चच्या छताखाली तो तरंगत राहायचा. वर मलाच विचारायची, "हा शब्द जर्मन लोक कसा म्हणतात गं? तू सांग, तुला येतं." खरंच शिकायचं असायचं तिला. तिने एकदा तरी टोमणा मारला असता, तर मला तिचा एवढा राग आला नसता.

तुला या धंद्यातलं वेगळं सांगायला नको. आपण जन्मभर गातो आणि नाव येतं वृंदाचं. कधीतरी एखाद्या रेकॉर्डिंगवर एक सोलो मिळतो, कव्हरवर बारीक अक्षरात नाव छापलं जातं, आणि त्या एका ओळीवर पुढची दहा वर्षं बोलावणी येतात. या हिवाळ्यात आमचं रेकॉर्डिंग ठरलं होतं. सोलो आल्माला दिला.

'मी' उरता कामा नये म्हणणारी मी त्या दिवशी घरी जाऊन बाथरूमचा नळ सोडून रडले.

त्या गाण्याचा शेवट तू पाहिला असशील. सगळे थांबतात आणि आपण दोघी एकच वरचा सूर धरून राहतो, अगदी हळू, बारा खण. कागदावरच्या दोन उभ्या रेघांमधल्या जागेला मी खण म्हणते. बारा खण एका दमात कुणाच्याच छातीत मावत नाहीत. म्हणून एकीने श्वास घ्यायचा तेव्हा दुसरीने सूर सोडायचा नाही. ऐकणाऱ्याला वाटावं, सूर तुटलाच नाही. माझी श्वासाची खूण पाचव्या खणावर, आल्माची सातव्यावर. मी बारीक टोकाने स्वल्पविराम काढायची. तिच्याकडे तिच्या सुतार बापाची चपटी पेन्सिल होती, तिचा स्वल्पविराम जाड, आळीसारखा.

आणि आपला नियम तुला माहीतच आहे. डोक्यावर विश्वास ठेवायचा नाही, पेन्सिलीवर ठेवायचा. गॉर्डन दर तालमीला काहीतरी बदलतात. ज्याला आठवतं, तो चुकतो. ज्याने लिहिलं, तो वाचतो.

रेकॉर्डिंगआधी याच गाण्याचा चर्चमध्ये कार्यक्रम होता, त्या दिवशी दुपारी सगळे तळघरात जेवत होते. फाइली वर बाकावर होत्या. मी आल्माची फाइल उघडली. सातव्या खणावरची खूण खोडली. तिचीच चपटी पेन्सिल फाइलीच्या खिशात होती, त्या पेन्सिलीने मी पाचव्यावर जाड स्वल्पविराम काढला. रबराचा चुरा पानावर पडला होता. तो मी फुंकर मारून उडवला.

एवढंच केलं. अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही.

त्या संध्याकाळी पाचव्या खणाशी आम्ही दोघींनी एकदम श्वास घेतला. सहाशे माणसं बसली होती. सूर तुटला आणि चर्चमध्ये एक भोक पडलं. कुणीतरी खोकलं. मग आम्ही पुन्हा सूर धरला, पण फाटलेलं ते फाटलेलंच राहिलं.

तळघरात गॉर्डननी आम्हा दोघींच्या फाइली मागवल्या.

आल्मा म्हणाली, "माझी सातव्यावर होती. मला चांगलं आठवतंय."

"आठवणीचं काय घेऊन बसलीस? कागद काय सांगतो?"

"...पाचवा."

गॉर्डन माझ्याकडे वळले. "सिग्ने, तुमचं काय ठरलं होतं?"

मी म्हणाले, "माझी पाचव्यावर होती, एवढं मला माहीत आहे. तिची तिला ठाऊक."

यातला एक शब्दही खोटा नव्हता. म्हणूनच तो अजून घशात अडकतो.

आल्माने त्या जाड खुणेवरून अंगठा फिरवला. "पेन्सिल तर माझीच आहे," ती हळूच म्हणाली. "मीच केली असणार."

रेकॉर्डिंग तीन आठवड्यांवर होतं. गॉर्डन माणूस वाईट नाही, पण रेकॉर्डिंगला धोका कोण पत्करणार? सोलो मला मिळाला. आल्मा कोट घालून दाराशी गेली, परत आली आणि माझा हात दाबून म्हणाली, "चेहरा का असा केलास? तू छान गाशील. शेवटच्या सुराची काळजी करू नकोस. तुझा श्वास मी सांभाळीन."

बर्फ पडत होता. किनाऱ्याच्या रस्त्यावर, नदी सरोवराला मिळते तिथल्या पुलाजवळ तिची गाडी घसरली आणि काठचा बर्फ फोडून पाण्यात गेली. सकाळी काढली. फाइल शेजारच्या सीटवर होती म्हणे, पानं फुगून एकमेकांना चिकटलेली.

दफनाला आम्ही पंधराजण गायलो. चौथी जागा रिकामी ठेवली. गाताना मी काय विचार करत होते, सांगू? ती असती तर हे किती चांगलं झालं असतं, हा. आणि त्याचाही मला राग आला.

इतक्या थोड्या दिवसांत बदली गायिका मिळेना. गॉर्डन म्हणाले, जागा मोकळीच राहू दे. शेवटचा सूर सिग्ने एकटी धरेल, पाचव्या खणात श्वास घेऊन पुन्हा लावेल. दोनदा गाऊन घेऊ आणि आवाजवाला डेल ते भोक जोडून टाकेल.

शनिवारी सकाळी दहाला उभे राहिलो. बाहेर लख्ख ऊन, बर्फावरून डोळे दिपत होते. चर्च तापवणाऱ्या बॉयलरची घरघर माइकमध्ये येते म्हणून तो पहाटेच बंद केला होता. आम्ही कोट घालून गात होतो. थंडी इतकी की प्रत्येकाच्या तोंडातून वाफ निघत होती. वृंद श्वास घेऊन शब्द सोडायचा, की पंधरा पांढरे पुंजके वर जायचे. जुन्या लाकडाचा, मेणाचा आणि ओल्या लोकरीचा वास येत होता.

सोलो चांगला झाला. खरंच चांगला. मग सगळे थांबले आणि मी शेवटचा सूर धरला.

एक. दोन. तीन. चार.

पाचव्या खणात मी तोंड मिटलं आणि श्वास घेतला.

सूर तुटला नाही...

माझ्या डाव्या कानाशी तो चालूच होता. तसाच, जांभईसारखा सहज. गॉर्डनचे हात हवेत होते, त्यांचे डोळे मिटलेले. मी पुन्हा सूर लावला, तो त्या सुरावर जाऊन बसला. सहा. मग सातव्या खणात डावीकडचा आवाज क्षणभर थांबला. मी न वळता तिरक्या नजरेने पाहिलं. रिकाम्या जागेवर, माझ्या खांद्याच्या उंचीला, वाफेचा एक पुंजका हळूच वर चढत होता.

बाराव्या खणानंतर सूर संपला. तुला माहीत आहे, आवाज छतात विरेपर्यंत कुणी हलायचं नसतं. आम्ही हललो नाही. त्या शांततेत कुणीतरी श्वास आत घेतला. लांब, खोल, गाणं सुरू करण्याआधी घेतात तसा. बर्निसने माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे.

तळघरात यंत्रापाशी बसलेल्या डेलचा स्पीकरवरून आवाज आला, "अगं सिग्ने, एका दमात? श्वास कुठे लपवलास?"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बर्निसने वाजवल्या नाहीत.

आता खरी लाज वाटण्याची गोष्ट सांगते. मला भीती वाटली, पण नंतर. आधी, त्या टाळ्यांमध्ये उभी असताना, मला मत्सर वाटला. डेलने टेप लावली, गॉर्डन ऐकत होते आणि नेमके पाचव्या खणाशी त्यांनी मान वर केली. "हे इथे. पाच ते सात. सिग्ने, आयुष्यात तू इतकं सुंदर गायली नाहीस." कव्हरवर नाव माझं येणार, आणि त्यांना आवडली ती तेवढी तिची जागा. मेल्यावरही ती माझ्यापेक्षा चांगली गात होती, आणि माझाच श्वास सांभाळत होती.

शेवटचा तो श्वास डेलला काढता आला नाही. चर्चमध्ये आठ माइक होते, काही आमच्यासमोर, काही मागच्या दाराजवळ. जवळच्यावर आवाज मोठा यायला हवा, दूरच्यावर बारीक. तो श्वास आठही माइकवर सारखाच जवळ आहे. डेल म्हणाला, "जणू प्रत्येक माइकला ओठ लावून घेतलाय..." मग त्याने विषय बदलला. आणि तो श्वास नुसता आत घेतलेला आहे. बाहेर सोडलेला ऐकू येत नाही. मी खूप वेळा ऐकलं.

मग तुझं नाव आलं. गॉर्डननी तुझी टेप ऐकवली आणि म्हणाले, "हिच्या आवाजात आल्माचं काहीतरी आहे." ईस्टरचा सोलो तुला द्यायचा विचार आहे त्यांचा. अजून तुला बोलले नसतील. त्या रात्री मी ठरवलं, यावेळी मला कुणाची गरज नाही. माझ्या खुणा मी करीन, माझा सूर मी धरीन. फाइल उघडली.

माझ्या बारीक खुणा एकाही पानावर नव्हत्या. खोडलेल्या होत्या, सगळ्या गाण्यांतल्या. मी पुन्हा काढल्या. सकाळी पुन्हा नाहीत. दहा दिवस हेच चाललं आहे. आणि रबराचा चुरा पानावर तसाच ठेवलेला असतो, कुणी फुंकर न मारता.

आणखी एक. काल पाचवीच्या मुलांना गाणं शिकवताना अचानक पोरं ओरडली, "मिस आसेन, मिस आसेन!" मी बाकाला धरून उभी होते, ओठ निळे पडले होते म्हणे. मी श्वास घ्यायचा विसरले नव्हते गं. मला वाटत होतं, अजून माझी पाळी आली नाही.

रविवारी दुपारी कार्यक्रम आहे. शेवटी तोच सूर, बारा खण. मला काय हवंय, तर एवढंच, तू माझ्या शेजारी उभी राहा, आणि मी तोंड मिटीन तेव्हा तू सूर सोडू नकोस. आपण दोघीच. तिसरी नको. सोलो घे तू. खरंच घे.

फाइल उघड. मी कपाटातून काढली तेव्हा प्रत कोरी होती, दोनदा पाहिली. शेवटचं पान काढ. दिव्याखाली धर... जाड आहे ना खूण? आळीसारखी? कोणत्या खणावर आहे, मोज नीट.

सातव्यावर काही नाही?

...पाचव्यावर. माझ्या जागेवर.

थांब, तो चुरा झटकू नकोस. आधी बोट लावून सांग मला.

ओला आहे ना?