नाही म्हणायची तालीम

साल एकोणीसशे अडुसष्ट. वार मंगळवार. वेळ दुपारची, दोन आणि सव्वातीनच्या मधली.

वेळ इतकी नेमकी सांगते, कारण त्या दुपारी माझ्याजवळ दोन घड्याळं होती. आणि त्यातलं एक खोटं बोलत होतं.

इथे भुताखेतांचे अनुभव म्हणून बरेच जण मित्राच्या मामाने काय पाहिलं ते लिहितात. माझं तसं नाही. मी स्वतः पाहिलं. बोलले तिच्याशी. भांडलेसुद्धा. पटलं तर वाचा, नाही पटलं तर राहू द्या. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी मला कुणाची भीड उरलेली नाही.

माझे बाबा घड्याळं दुरुस्त करायचे. आई लवकर गेली, त्यामुळे मी दुकानातच वाढले, त्यांच्या टेबलाखाली. मोठी झाले तशी टेबलाच्या वर आले. डोळ्याला भिंग, हातात चिमटा. घड्याळ कानाला लावलं की ते पुढे पळतंय की मागे पडतंय, हे मला न उघडता कळायचं. बाबा मला लाडाने ‘चावी’ म्हणायचे.

लग्न होऊन सासरी आले ती दोनच गल्ल्या ओलांडून. घरी सासूबाई, मोठे दीर, जाऊबाई, आमचे हे आणि मी.

जाऊबाईंना मी ताई म्हणायचे; तीही मला चावीच म्हणायची. ताई फार कमी बोलायची. माझ्या लग्नाच्या आदल्या वर्षी तिचं पहिलं बाळंतपण झालं होतं. बाळ हाती लागलं नाही.

आणि का लागलं नाही, ते सासूबाईंनी मला पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं.

“झोपून राहिली. कळा चालू असताना कुणी झोपतं का? नर्स येऊन बघून गेली, तर ही आपली घोरतेय! पोर गेलं तरी हिची झोप काही मोडली नाही.”

ताई तिथेच भांडी पुसत होती. तिने मान वर केली नाही.

मला सातवा महिना लागला तेव्हा एका दुपारी ताई माझ्या खोलीत आली. दार लावून घेतलं.

“चावी, तू त्याच प्रसूतिगृहात जाणार ना?”

“गावात दुसरं आहेच कुठे, ताई?”

ती पलंगाच्या कडेवर बसली. खालच्या आवाजात सांगू लागली.

ती झोपली नव्हती. तिला झोपवलं होतं.

कुणीतरी एक नर्स आली. गोड बोलली. म्हणाली, अजून वेळ आहे, झोप. आणि ताईच्या कळा थांबल्या. जाग आली तेव्हा सगळे धावपळ करत होते. बाळाच्या गळ्याभोवती नाळ होती... खूप उशीर झाला होता.

“नंतर मी विचारलं, ती नर्स कुठे आहे? सगळे म्हणाले, तुमच्याजवळ कुणीच नव्हतं.”

“मग घरी सांगितलं नाहीस?”

“सांगितलं की. आई म्हणाल्या, झोपेत स्वप्न पडलं असेल.”

ती उठायला लागली, मग परत बसली.

“एक गोष्ट मात्र मी कुणालाच सांगितली नाही. तुलाही नाही सांगत. ती आली तुझ्याकडे, तर तूच मला सांगशील.”

मी घाबरले का? हो, घाबरले. खोटं कशाला बोलू. पण त्याहून जास्त मला राग आला. दोन वर्षं ही बाई भांडी पुसत टोमणे ऐकतेय, आणि घरात एकालाही वाटलं नाही की हिला नीट विचारावं!

“ताई,” मी म्हटलं, “आपण तयारी करू.”

बाकीच्या बायका बाळंतपणाची तयारी करतात तशी आम्हीही केली. जुन्या सुती साड्यांची दुपटी शिवली. पिशवी भरली. प्रसूतिगृहातल्या थोरल्या सिस्टर दर महिन्याला तपासायच्या तेव्हा शिकवायच्या, कळ आली की श्वास कसा घ्यायचा, दोन कळांमधलं अंतर कसं मोजायचं. ते सगळं केलंच.

शिवाय रोज दुपारी आमची आणखी एक तालीम चालायची.

मी आडवी पडायची. ताई उशाशी बसायची आणि जमेल तेवढ्या गोड आवाजात म्हणायची, “अजून वेळ आहे... झोप.”

आणि मी म्हणायचं, “नाही!”

“हे काय, पाहुण्यांना चहाला नको म्हणतेस तसं! जोरात म्हण.”

“नाही!”

“अजून जोरात.”

एकदा आमचे हे नेमके तेव्हाच घरी आले. दारातून म्हणाले, “काय चाललंय? कुणाला नाही म्हणतेस?”

“तुम्हालाच,” ताई म्हणाली. “सवय करतेय.”

ताईला विनोद करताना मी पहिल्यांदाच ऐकलं.

पिशवीत तिने एक पितळी पेला टाकला. चांगला जड होता. “पाणी प्यायला नाही गं. फेकायला. आवाज झाला पाहिजे.”

बाबांना मी सगळं सांगितलं. ते हसले नाहीत. त्यांनी एक बायकी घड्याळ काढलं, रुपयाच्या नाण्याहून लहान. पट्टा काढून टाकला. तेल घालून, आठवडाभर स्वतःच्या खिशात वागवून त्याची वेळ बसवली.

“तिथे घड्याळ, अंगठी, सगळं काढून ठेवायला लावतात,” मी म्हटलं.

“अंबाड्यात कोण बघतंय?” बाबा म्हणाले.

त्या मंगळवारी सकाळी कळा सुरू झाल्या. अकरा वाजता यांनी मला पोचवलं. पुरुषांना आत येऊ देत नसत. आयाने अंगठी आणि कानातलं काढून पुरचुंडी बांधून यांच्या हातात दिली. अंबाड्याला कुणी हात लावला नाही.

वरच्या मजल्यावरची खोली. चार खाटा, तीन रिकाम्या. हिरवा पडदा. समोरच्या भिंतीवर लंबकाचं मोठं घड्याळ.

मी सवयीने कान दिला. टिक... टक. टिक... टक. अगदी सरळ चाल. घड्याळ निरोगी होतं.

धाकटी सिस्टर तपासून गेली. “दहा-दहा मिनिटांनी येताहेत. छान. खाली एक अवघड केस आहे, पण मी मधूनमधून डोकावून जाईन हं.”

पेला मी खाटेशेजारच्या स्टुलावर ठेवला होता.

दोन वाजले. कळा वाढल्या. मी श्वास मोजत होते. दोन वाजून दहा मिनिटं झाली, तेवढ्यात...

टिकटिक थांबली.

घड्याळाच्या दुकानात वाढलेल्या माणसाला असा आवाज बंद पडला की धस्स होतं. मी वर पाहिलं.

लंबक हलत होता.

इकडून तिकडे. तिकडून इकडे. आवाज मात्र नव्हता.

खालून येणारा गाडीघोड्यांचा आवाज नव्हता. बाहेरच्या नळाची टपटप नव्हती. माझा स्वतःचा श्वाससुद्धा मला ऐकू येत नव्हता...

आणि माझ्या उशाशी कुणीतरी उभं होतं.

पांढरी साडी, पांढरी टोपी. चेहरा मी पाहिला होता, एवढं नक्की. पण आजतागायत तो मला आठवत नाही. तिने माझ्या कपाळावर हात ठेवला.

“अजून वेळ आहे,” ती म्हणाली. “झोप.”

आणि कळा थांबल्या.

तीन महिने तालीम केलेली मी. तोंड उघडायचं आणि नाही म्हणायचं, एवढंच काम. पण मला ते म्हणावंसंच वाटेना.

मी भिंतीवर पाहिलं. दोन वाजून दहा मिनिटं. खरंच वेळ होता की. मी डोळे मिटले. जरा वेळाने उघडले. दोन वाजून दहा मिनिटं. परत मिटले. पुन्हा उघडले...

दोन वाजून दहा मिनिटं.

मी कूस वळायला म्हणून डोकं उशीवर दाबलं. आणि मला ऐकू आलं.

अगदी बारीक. कवटीतून आल्यासारखं.

टिकटिकटिकटिक...

अंबाड्यातलं घड्याळ.

त्या आख्ख्या खोलीत तेवढा एकच आवाज होता. बाबांनी आठवडाभर खिशात वागवलेला. मी तो धरून ठेवला. विहिरीत पडलेला माणूस दोर धरतो तसा.

हात उचलला. शिशासारखा जड झाला होता. अंबाडा सोडला, घड्याळ डोळ्यांसमोर धरलं.

तीन वाजून दहा मिनिटं!

एक तास. तिच्या हाताखाली माझा एक तास गेला होता. पोटातलं बाळ तासभर एकटंच झगडत होतं आणि मला पत्ता नव्हता.

“हात काढा,” मी म्हटलं.

“अजून वेळ आहे.”

“नाही.”

आवाज नीट फुटला नाही. मला ताई आठवली. पाहुण्यांना चहाला नको म्हणतेस तसं...

“नाही!” मी ओरडले. “वेळ नाहीये! हे बघा, हे घड्याळ! माझ्या बाबांनी लावलंय, ते चुकत नाही!”

ती जराही हलली नाही. नुसतं म्हणाली, “सगळ्या ऐकतात...”

मग मात्र माझं डोकं फिरलं.

“माझ्या जावेने ऐकलं. मी नाही ऐकणार! माझ्या कळा आहेत त्या. द्या परत!”

आणि पेला उचलून मी जिवाच्या आकांताने भिरकावला.

पेला तिला लागला का, मला माहीत नाही. तो पलीकडच्या भिंतीवर आपटला, जमिनीवर पडला, घरंगळत दारापर्यंत गेला. त्या एका दणक्यासरशी सगळे आवाज परत आले. नळ. रस्ता. लंबक. आणि कळ... तासाभराची सगळी एकदम आल्यासारखी. मी अशी किंचाळले की खाली रस्त्यावर उभ्या असलेल्या यांनीसुद्धा ऐकलं.

धाकटी सिस्टर धावत आली. पाठोपाठ थोरल्या सिस्टर.

मुलगी झाली. गळ्याभोवती नाळेचे दोन वेढे. निळी पडली होती. थोरल्या सिस्टरांनी तिला उलटी धरून पाठीवर थापट्या मारल्या, एक, दोन, तीन... आणि ती रडली. मी त्या पांढऱ्या साडीवालीला आणि स्वतःला, दोघींना शिव्या घालत रडले.

“पाच-दहा मिनिटांचा खेळ होता,” थोरल्या सिस्टर म्हणाल्या.

भिंतीवरचं घड्याळ तेव्हा बरोबर वेळ दाखवत होतं.

मी विचारलं, “ती दुसरी नर्स कुठे गेली?”

धाकटी सिस्टर गोंधळली. “मी तीनदा डोकावले. तुमच्याजवळ कुणीच नव्हतं. तुम्ही झोपला होतात.” मग म्हणाली, “हसत होतात झोपेत...”

थोरल्या सिस्टरांनी वळून भिंतीकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी शिपाई आला आणि भिंतीवरचं घड्याळ काढून घेऊन गेला. आपल्या सगळ्या नर्सना त्यांनी ताकीद दिली, की ‘अजून वेळ आहे’ हे शब्द या इमारतीत पुन्हा कुणी उच्चारायचे नाहीत. का, ते सांगितलं नाही.

चौथ्या दिवशी भेटीच्या वेळेला ताई आली. सासूबाई बरोबर होत्या. त्या बाळाला घेऊन खिडकीशी गेल्या. ताई माझ्याजवळ बसली. काही विचारलं नाही. नुसती बघत राहिली.

मी म्हटलं, “ताई, तिचा हात ऊबदार होता.”

ताईने माझं मनगट घट्ट धरलं. मी बोलत राहिले.

“मेल्या माणसाचा हात गार असतो म्हणतात ना? तसा नव्हता. मला माझी आई आठवली. इतकं बरं वाटलं, की नाही म्हणावंसं वाटेना.”

ताईने तोंडात पदर कोंबला.

“हो गं,” ती म्हणाली. “तेच. तेच मी कुणाला सांगू शकले नाही. माझं बाळ जात होतं, आणि मला बरं वाटत होतं. इतक्या मायेने माझ्या कपाळावर कुणी कधी हात ठेवलाच नव्हता.”

खिडकीशी सासूबाई पाठमोऱ्या उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं. वळल्या नाहीत.

आता पुढचं सांगते आणि थांबते.

सासूबाईंनी ताईची माफी कधी मागितली नाही. पण तो झोपेचा टोमणाही पुन्हा मारला नाही. पुढे आठ वर्षं होत्या. दुपारी ताईचा डोळा लागला, तर तिच्या खोलीचं दार हळूच लोटून घ्यायच्या.

ताईला दोन वर्षांनी मुलगा झाला. त्याच प्रसूतिगृहात, त्याच खोलीत. थोरल्या सिस्टरांनी नियम मोडून मला तिच्या उशाशी बसू दिलं. हातात ते बायकी घड्याळ घेऊन मी बसले होते. दुपारी एकदा त्याचा आवाज थांबला... काटा फिरत होता. मी एकही शब्द बोलले नाही. नुसता पेला उचलला. आवाज सुरू झाला.

थोरल्या सिस्टर निवृत्त होऊन मुलाकडे गेल्या. जाताना मला भेटायला आल्या होत्या. तेव्हाही मी विचारलं, ती कोण होती. त्या म्हणाल्या, “तू पेला फेकलास ना? मग झालं तर.”

बाबा दुकानातच गेले, भिंग डोळ्याला असताना. प्रसूतिगृह पाडलं. तिथे आता काय आहे, ते बघायला मी गेले नाही. हे गेले, दीर गेले. ताई गेल्या वर्षी गेली, तिच्या अंथरुणात, दुपारच्या झोपेत. तिचा मुलगा म्हणाला, चेहरा हसरा होता... मला ते ऐकून बरं वाटलं नाही.

माझी लेक छप्पन्न वर्षांची आहे. आवाज तिचा मोठा, सगळे नावं ठेवतात. मी नाही ठेवत.

मागच्या महिन्यात मला ताप होता. दुपारची वेळ. घरात कुणी नव्हतं. मी डोळे मिटून पडले होते आणि माझ्या कपाळावर हात आला. ऊबदार. मला वाटलं, लेक आली.

मग लक्षात आलं, पंख्याचा आवाज येत नाहीये...

डोळे मी उघडले नाहीत. म्हटलं, “माझं वय झालंय, कधीतरी जायचंच आहे. पण तुझ्या सांगण्यावरून नाही.”

पंखा घरघरायला लागला.

घड्याळाला मी रोज रात्री चावी देते. नजर अधू झालीय हल्ली, नेम चुकेल कदाचित. पण पेला उशाशीच आहे.

ये म्हणावं.