बेडकीचा टप

परसराम माझ्याशी बोलायचा नाही, ही माझी त्याच्यावरची पहिली तक्रार. माझ्याच आंगणात उभा राहायचा, माझ्याच विहिरीचं पाणी प्यायचा, आणि काही मागायचं झालं की तोंड फिरवायचा मोटारीकडे.

"बेडके, बाईले सांग, जरासं रॉकेल पाहिजे. जंग लय चढला आहे."

आता मी काय बहिरी होती, का मुकी होती? चार हातांवर धान पाखडत बसली होती. पण नाही. साहेबांना मोटारच जवळची.

बेडकी म्हणजे आमची मोटार. हिरवी, बुटकी, डोळे बाहेर आलेली. पुढे दोघं ऐसपैस बसतील आणि मागे दोघं गुडघे पोटाशी घेऊन, एवढीच. खाणीवरचा इंग्रज साहेब आपल्या मुलखाला परत गेला तेव्हा माझ्या नवऱ्यानं, लक्ष्मणरावांनी, ती हौसेनं घेतली. नाकाडोंगरीच्या बाजाराला एकटेच मिरवत जायचे. घरच्या बायकांनी मोटारीत बसायचं नाही अशी आमच्या घरची रीत, म्हणून मी ती नुसती धुतली. ते गेले आणि बेडकी मोहाच्या झाडाखाली बसली ती बसलीच. तिच्यात उंदीर शिरत नाही हे मला कळलं, तेव्हापासून मी बियाण्याच्या धानाची पोती तिच्या पोटात ठेवू लागली. मोटार काही मोठी गोष्ट नाही, बाप्पा. बंद झाली की कोठीच ती.

माझ्या लेकीचं, चंद्रकांताचं, लग्न ठरलं ते साल अठ्ठ्याहत्तर. त्याच माघात वादळ झालं आणि मोहाची फांदी बेडकीच्या डोक्यावर पडली. छप्पर चेपलं, जसं पातेल्यावर कोणी पाय द्यावा. माझे जेठ, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ, भय्याजी म्हणाले, भंगारात देऊन टाका. चंद्रकांतानं कुठल्याशा कॅलेंडरवर बिनछपराच्या मोटारीत बसलेली बाई पाहिली होती. ती म्हणाली, छप्पर कापूनच टाकू, वरून गुंडाळायचा टप करू, मी उघड्या मोटारीत सासरी जाईन. मी आधी नाही म्हटलं. मग हो म्हटलं. माझी रीतच तशी.

म्हणून तुमसरहून परसराम आला. आधी खाणीवर ट्रक चालवायचा, आता जीपगाड्यांचे टप करायचा. बायको कधीचीच वारलेली, मूलबाळ नाही. हात ग्रीसनं काळे आणि खांद्यावरचा दुपट्टा मात्र पांढराफेक. कामाच्या माणसाला कायले हवा एवढा पांढरा दुपट्टा, हे मी पहिल्याच दिवशी मनात म्हटलं.

मोटारीशी बोलण्याचं खूळ त्याच्या डोक्यात शिरलं ते आमच्याच घरी. आमच्यात सुनेनं जेठासमोर बोलायचं नसतं. मी दाराआडून कवाडाला सांगायची, "धान कुटायले न्यायचं आहे," आणि भय्याजी ओसरीच्या खांबाला उत्तर द्यायचे, "उद्या गाडी जुंपतो." वीस वर्षं आमचा संसार खांबानं आणि कवाडानं चालवला होता. परसरामनं ते ऐकलं, आणि या घरात मालकिणीशी असंच बोलत असतील असं समजला. का समजल्याचं सोंग केलं... ते मी अजून विचारलं नाही.

मीही कमी नव्हती.

"बेडके, विचार त्याले, जेवण इथं करतो का तुमसरले जाऊन."

"बेडके, सांग, इथंच करीन. भाजीत तिखट कमी टाका म्हण."

"बेडके, त्याले म्हण, तिखट जिभेले लागते, हाताले नाही. हात चालवावा."

आतून चंद्रकांताच्या हसण्याचा आवाज आला. परसरामनं मान खाली घातली, पण मिशीच्या टोकाला काहीतरी हललं.

दिवसभर तो बेडकीभोवती फिरायचा. खडूनं रेघ मारायचा, पुसायचा, पुन्हा मारायचा. जेवायच्या आधी हात राखेनं घासायचा, नखाच्या कडेपर्यंत. ताटातलं काही टाकायचा नाही. पाणी पिऊन झालं की लोटा विसळून विहिरीच्या कठड्यावर पालथा घालायचा. हे मी पाहत नव्हती. दिसत होतं.

एकदा चंद्रकांतानं डोक्याला तेल लावून घेता घेता विचारलं, "माय, मी गेल्यावर तू कोणाशी बोलशील?"

मी म्हटलं, "बेडकी आहे न."

त्या दिवशी तिची वेणी मला दोनदा घालावी लागली.

तुम्ही आजच्या पोरी, तुम्हाला सांगावं लागेल. आमच्या जातीत विधवेचा पाट लागतो, म्हणजे दुसरं लग्न होतं, त्यात पाप नाही. पण पाट लागतो रात्री. वाजंत्री नाही, अक्षता नाही, सुवासिनींनी तोंड पाहायचं नाही. माझी मैत्रीण रंभाबाई तशीच गेली. सकाळी मी तिच्याकडे विस्तव मागायला गेली तर चूल थंड, मागचं दार उघडं. काही चोरलं नव्हतं तिनं, तरी चोरासारखी गेली. त्या दिवशी मी ठरवलं होतं की आपल्याला असलं जाणं नको. शेत माझ्या नावावर, किल्ल्या माझ्या कमरेला, गावात माझ्या शब्दाला मान. अंधारात मान खाली घालून निघायला मी कोणाचं काय खाल्लं आहे?

तर... चैत्र लागला. एका संध्याकाळी परसराम अवजारं पुसत बेडकीला म्हणाला, की हे काम झालं की तो बालाघाटले चालला. तिकडं मोठं काम आहे, परत येणं आता होते का नाही. मग लगेच म्हणाला, "उद्या छप्पर कापतो. त्याच्या आंधी पोटातलं धान काढून ठेवा म्हण बाईले. वजन आहे."

मी ऐकलं. पण बालाघाटचं ऐकून माझं डोकं तापलं होतं. मी म्हटलं, जिले सांगितलं तिनं काढावं. पोती जागची हलली नाहीत. सकाळी त्यानं पोती पाहिली, माझ्याकडे पाहिलं, आणि तोही हट्टानं तसाच कामाला लागला.

समोरच्या काचेची चौकट ठेवायची आणि बाजूचे खांब कापायचे, असं काम होतं. शेवटचा खांब कापताना छप्पर काचेवर पडू नये म्हणून आतून कोणीतरी धरायला हवं होतं. भय्याजींचे गुडघे चालत नव्हते. चंद्रकांताला लग्नाआधी लोखंडाजवळ जाऊ द्यायचं नव्हतं. मी पदर खोचला आणि बेडकीत शिरली.

एवढ्या वर्षांत मी तिच्यात पहिल्यांदा बसली. धानाचा वास, जुन्या चामड्याचा वास. परसरामची लोखंडाची करवत चालू झाली आणि माझ्या केसांत लोखंडाचा चुरा पडू लागला. मधे एक बोटभर जाडीचा खांब. खांबापलीकडे त्याचं तोंड. त्याचा घाम मला दिसत होता, माझा त्याला. तो ना मोटारीकडे पाहत होता ना माझ्याकडे. करवतीकडे पाहत होता, असं म्हणू.

मग छप्पर सुटलं. त्यानं ते ओढून बाजूला टाकलं आणि माझ्या डोक्यावर एकदम आभाळ आलं. झाडावरून मोहफुलं पडत होती, ती सरळ माझ्या ओटीत पडू लागली. मी वर पाहतच राहिली...

तेवढ्यात बेडकी कण्हली. कर्रर्र करून तिची कंबर खचली, जशी जुन्या बाजेवर जाड माणूस बसल्यावर बाज खचते. छप्पर गेलं तशी तिची पाठच गेली, आणि पोटात माझं धान. दोन्ही दारं आवळून बसली. मी हा खटका ओढला, तो खटका ओढला. दार काही उघडेना. गावची मानाची बाई बियाण्याच्या पोत्यांवर अडकून बसली.

परसराम आधी घाबरला. मग त्याला हसू आलं, आणि ते लपवायला त्यानं दुपट्टा तोंडाला लावला. तेव्हा मला कळलं दुपट्टा कायले पाहिजे होता.

"बेडके," तो म्हणाला, "सांगितलं होतं न बाईले, धान काढा म्हणून?"

"बेडके, त्याले म्हण, सांगितलं होतं ते तुले. मले कोणी सांगितलं नाही."

त्याचं हसू थांबलं. ओसरीवर भय्याजींनी खांबाला सांगितलं, की कोणीतरी त्या बाईला बाहेर काढा, ऊन वाढून राहिलं.

परसरामनं दुपट्ट्याला हात पुसला आणि पुढे केला. काही बोलला नाही, मोटारीशीही नाही. मी हात धरला आणि दारावरून पाय टाकून उतरली. तळवा कानशीसारखा खरबरीत होता, आणि गरम. उतरल्यावर हात सोडायला त्यानं उशीर केला. मीही काही घाई केली नाही.

धान मी स्वतः काढलं. त्यानं बेडकीच्या पोटाखाली जॅक लावला, सागाचे ठोकळे सरकवले, आणि दार अलगद लागेपर्यंत तिची कंबर उचलली. मग खाणीच्या जुन्या ट्रॉलीचे रूळ दोन्ही बाजूंनी खालून जोडले आणि बंद पडलेलं इंजिनही धडधडतं केलं. हे आधी करायला हवं होतं, असं मीच बेडकीला सांगितलं. तो मान हलवून म्हणाला, हव.

टप शिवायची वेळ आली तेव्हा त्यानं ताडपत्री तुमसरच्या शिंप्याकडे न्यायचं काढलं. मी म्हटलं, कायले? जन्मभर धानाची पोती शिवली, दाणा सांडला नाही कधी, पाणी कसं सांडेल? मग नळीची कमान उभी करून आम्ही ताडपत्री तिच्यावर टाकली आणि तिच्या दोन बाजूंना दोघं बसलो. मेण लावलेली सुतळी ओवून मी दाभण इकडून खुपसायची, तो तिकडून ओढून घ्यायचा, परत पाठवायचा. ताडपत्रीच्या आड त्याचं तोंड दिसत नव्हतं. नुसती दाभण यायची, जायची. कधी लवकर यायची. कधी तिकडे थांबून राहायची आणि मी तिची वाट पाहायची. एवढा वेळ मी कोणाशी इतकी बोलली नसेन, आणि एक शब्द झाला नाही.

टप चढवल्यावर तो आत बसला आणि मी वरून घागरी ओतल्या.

"बेडके, विचार त्याले, गळते का?"

आतून आवाज आला, "एक थेंब."

"कोणाच्या बाजूनं?"

"माह्या."

मी आणखी एक घागर ओतली. गरज नव्हती.

वैशाखात लग्न झालं. चंद्रकांता आणि जावई मागे गुडघे पोटाशी घेऊन बसले, परसराम पुढे. टप मागे गुंडाळलेला, भर दुपारी, सारं गाव दोन्ही बाजूंनी उभं. माझी लेक मान वर करून गेली. बोडीच्या, त्या लहानशा तळ्याच्या, पाळीवरून गाडी वळली तरी तिचा पिवळा शालू दिसत होता. लोक म्हणाले, बाई रडली नाही. मी रंभाबाईचा विचार करत होती.

दुसऱ्या सकाळी तो बेडकी परत घेऊन आला. मोहाखाली लावली, टप चढवला. अवजारांची पेटी सायकलला बांधली. घर इतकं गप्प होतं की मला माझ्या किल्ल्यांचा आवाज ऐकू येत होता. भय्याजी ओसरीवर सुपारी कातरत होते. मी दारात उभी.

परसराम बेडकीच्या तोंडासमोर गेला.

"बेडके, मी जाऊन राहिलो," तो म्हणाला. "बाईले सांगजो... बाईले सांगजो का..."

आणि थांबला. दुपट्ट्यानं बॉनेट पुसू लागला. एकच जागा, पुन्हा पुन्हा. पांढरा दुपट्टा काळा झाला तरी पुढचा शब्द येईना. अडकित्त्याचा आवाजही थांबला होता.

मी वाट पाहिली. मग उंबरठा ओलांडला. जेठाच्या समोरून, उजेडात, आंगणात उतरली आणि परसराम आणि मोटार यांच्या मधे जाऊन उभी राहिली, म्हणजे त्याला पाहायला बेडकी उरली नाही. त्यानं पाहिलं. पहिल्यांदाच सरळ पाहिलं. डोळे पिंगट आहेत हे मला तेव्हा कळलं.

मी म्हटलं, "परसराम, मोटारीले कान नसतात. तुमच्या हातात कसब आहे, मनात खोट नाही, पण तुम्ही भारी भित्रे आहा. माह्या बाजूची शिवण गळत नाही, हे तुम्ही पाहिलं आहे. भय्याजी बसले आहेत. जा, पाटाचं त्यांच्याशी बोला, आणि खांबाकडे पाहून बोलू नका. शेत माह्या नावावर आहे, रोवणीले मी इथं येत जाईन. पण रातच्याले, मागच्या दारानं मी निघणार नाही, हे ऐकून ठेवा. दिवसा निघीन, तुमच्या बाजूले बसून, साऱ्या गावातून. तो टप खाली करा."