चार बोटं कमी

ती दोघं पहिल्यांदा भेटली तेव्हा तिने त्याला फरशीवाला समजून जड खोकी जिन्याने वर न्यायला लावली होती. बिचाऱ्याने मुकाट्याने नेली, घाम पुसला आणि मग म्हणाला, "मी खरं तर तपासणी यंत्राच्या कंपनीचा इंजिनिअर. दाराचं माप घ्यायला आलोय." ती इस्पितळाच्या या नव्या इमारतीच्या बांधकामाची मॅनेजर, लाजेने अर्धी झाली. पुढे तो काही ना काही निमित्त काढून येतच राहिला, आणि तीही वाट बघायची... नाही कशाला म्हणा!

आज मात्र तेच यंत्र पहिल्या मजल्याच्या उघड्या गच्चीवर, दारापुढे अडून बसलं होतं. आभाळ भरून आलेलं. ताडपत्री वाऱ्याने केव्हाच उडवली होती. त्यात इस्पितळाच्या साहेबांचा तिला फोन येऊन गेलेला, "यंत्र भिजलं तर तुम्ही आणि तो इंजिनिअर, दोघंही घरी बसा."

मुकादम आणि क्रेनवाला एकमेकांवर खापर फोडत होते.

"कुणाचं चुकलं ते नंतर," ती म्हणाली. "अडतंय किती?"

"चार बोटं," इंजिनिअर मान खाली घालून म्हणाला. "मी माप घेतलं तेव्हा चौकट बसली नव्हती. पुन्हा बघायला हवं होतं. पण इथे आलो की माझं लक्ष टेपवर... नसायचं."

तिने त्याच्याकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली.

"हे आत्ता सांगताय?"

"उद्या सांगायला असेन की नाही, कुणास ठाऊक."

पहिला थेंब तिच्या मनगटावर पडला.

"यंत्राचं काय निघतं?"

"एका बाजूचं कव्हर. दोन बोटं सुटतील."

"आणि चौकटीची एकच बाजू काढली तर, मुकादम?"

"वर टेकू द्यावा लागेल, बाई. पण निघेल."

"मग दोन बोटं यांची, दोन आपली. लागा कामाला."

कव्हर उतरलं, चौकटीची बाजू निघाली. टेकू करकरला, यंत्र तसूतसूने सरकलं... आणि आत गेलं. मागोमाग पाऊस कोसळला.

फोन वाजला. तिचे हात धुळीने माखलेले, म्हणून तिने स्पीकरच लावला.

"यंत्र आत गेल्याचं कळलं. वाचलात," साहेब म्हणाले. "पण तो इंजिनिअर उद्यापासून नको. दुसरा मागवा."

तो समोरच उभा होता. तो हळूच वळून जिन्याकडे निघाला.

"नाही साहेब," ती म्हणाली. "मला हेच हवेत."

"कामासाठी?"

तो थांबला. तिने त्याच्याकडे पाहिलं, आणि या वेळी नजर काढून घेतली नाही.

"कामासाठीही," ती म्हणाली.